जेवणाचं महोगनी टेबल: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या होळीला हे टेबल करून घेतलं, आता संक्रांत उलटली. त्याआधी इथेच, वडोदऱ्यातल्या एका दुकानातून ‘महोगनी’ म्हणून एक टेबल आणलं होतं. महिन्याभरात पाय फरशीवर घासला आणि तांबड्या रंगाखालून पांढरं लाकूड निघालं. भांडायला गेलो तर बिलात ‘महोगनी शेड’ एवढंच लिहिलेलं! म्हणून सांगतो, घेताना खाली वाकून पाहा. पॉलिश नसलेल्या जागीही लाकूड गुलाबीसर किंवा तांबूसच दिसायला हवं.

दुसऱ्यांदा ओळखीच्या मिस्त्रीने केरळच्या लागवडीतलं लाकूड आणलं. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्या कडुनिंबाच्याच कुळातलं. मोठ्या पानाच्या महोगनीच्या तिकडच्या ओंडक्या-फळ्यांना २००३पासून निर्यात परवाना लागतो. त्यामुळे कुणी ‘इम्पोर्टेड’ म्हणालं तर कागद मागा.

रंधा मारल्यावर फळी फिकट गुलाबीसर दिसत होती. आई म्हणाली, “एवढे पैसे घालून हा रंग?” तरी मी रंग लावू दिला नाही, नुसतं लाखेचं पॉलिश केलं. टेबल पश्चिमेच्या खिडकीशी असतं. दिवाळीत मधला क्रोशाचा रुमाल उचलला आणि बघतच राहिलो: बाकी टेबल गडद तांबूस-तपकिरी झालेलं आणि मधोमध रुमालाचा फिकट ठसा, कडेच्या नक्षीसकट. रुमाल तेव्हापासून कपाटात आहे, ठसा आता जवळजवळ मिटलाय. उजेडाने चढलेला तो रंग कुठल्याच डब्यातून मिळणार नाही.

पावसाळ्यात आजीच्या आंब्याच्या कपाटाचं दार दरवर्षी अडतं. या टेबलाचा ड्रॉवर भर श्रावणातही एका बोटाने सरकत होता. हे लाकूड दमट हवेत फार फुगत नाही.

आता त्रासाचं. सागापेक्षा हे मऊ आहे, मुलाच्या कंपासपेटीचा कोपरा पडला तर खळगा पडलाच. गरम पातेल्याने पांढरी कडी उमटली, पण तो दोष लाखेचा; जेवणाच्या टेबलाला दुसरं पॉलिश करायला हवं होतं. खरी चूक एका पट्टीची. सप्टेंबरमध्ये पायाशी मैद्यासारखा बारीक भुसा दिसला. सालीजवळचं पांढरट लाकूड तिथे वापरलं गेलं होतं आणि कीड त्यालाच लागली होती, गाभ्याचं लाकूड शाबूत. मिस्त्रीने पट्टी फुकट बदलून दिली. ती अजून गुलाबी आहे, म्हणून टेबल फिरवून ती बाजू खिडकीकडे केली आहे.