घरावर कॅमेरे लावण्याआधी आमचं काय झालं ते वाचा

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घरची शेती मिस्टर पाहतात. २०२४च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात व्यापारी चार-सव्वाचार हजारांच्या वर बोलायला तयार नव्हते. म्हणून आम्ही माल विकला नाही, कट्टे भरून छपरीत थप्पी मारून ठेवले. गावातल्या बऱ्याच घरी हीच स्थिती होती. त्यातच दिवाळीच्या सुमारास दोघांच्या विहिरींवरून मोटारीची केबल गेली आणि एका घरून रात्रीतून कट्टे उचलले गेले. माझी झोप उडाली. घरी म्हाताऱ्या सासूबाई, मिस्टर रात्रीच्या लाईनीमुळे ओलिताला वावरात, आणि छपरीत वर्षभराची कमाई उघड्यावर.

त्याच आठवड्यात तो माणूस आला. शेजारच्या गावातल्या कृषी केंद्रात कॅमेरे मीच लावले, असं त्याने सांगितलं, आणि ते खरंही होतं, मी फोन करून विचारलं होतं. चार कॅमेरे, ५ मेगापिक्सेलचे. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग करणारा डबा, २ टीबीची (दोन हजार जीबीची) हार्ड डिस्क, वायर, फिटिंग, सगळं मिळून २८,००० रुपये. "महिनाभराचं रेकॉर्डिंग राहते मॅडम, केव्हाही पाहा." मी बिल मागितलं. तो म्हणाला, "बिल पायजे असन त देतो, पण अठरा टक्के वर लागते. काऊन उगाच पाच हजार सरकारले देता?" त्या वेळी मला ते पटलं. २२,००० मोबाईलवरून पाठवले, ६,००० रोख दिले. मोबाईलवर पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळंच आलं. विचारलं, तर म्हणाला, "भावाचं खातं आहे." बिलाच्या जागी एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर निळ्या पेनने लिहिलं होतं: पक्की वॉरंटी २ वर्ष. सही नाही, दुकानाचा शिक्का नाही.

तीन तासांत फिटिंग झालं. एक कॅमेरा फाटकावर, एक छपरीत, एक कोठ्याकडे आणि एक मागच्या अंगणात. माझ्या मोबाईलमध्ये त्याने ॲप टाकून दिलं. मिस्टर तर हरखून गेले, "अवं, गाय पाय कशी दिसून राहिली!" खरंच, दुपारच्या उन्हात गाईच्या गळ्यातली दोरीसुद्धा स्वच्छ दिसत होती. पासवर्डचं विचारलं, तर तो म्हणाला, तुम्ही विसरून जाल, मी लिहून ठेवतो, लागला तर फोन करा.

पुढचे दोन महिने शाळेतून मधल्या सुट्टीत मी मोबाईल उघडायची, घर दिसायचं, मन शांत व्हायचं. काल रात्रीचं रेकॉर्डिंग मात्र मी एकदाही उघडून पाहिलं नाही. गावात ज्यांच्या घरी कॅमेरे आहेत त्यांना मी नंतर विचारलं, त्यांच्यापैकीही कोणी पाहिलेलं नव्हतं. सगळे आत्ताचं चित्र पाहतात आणि समजतात की मागचंही जमा होत असेल.

जानेवारीत खरेदी केंद्रावरून निरोप आला, माल आणा. ट्रॅक्टर लावला, कट्टे मोजत भरले आणि शेवटी नऊ कट्टे कमी निघाले. थप्पीच्या मागच्या बाजूने, भिंतीकडून, कोणीतरी ओढून नेले होते. समोरून थप्पी जशीच्या तशी दिसायची, म्हणून केव्हा गेले ते कळलंच नाही. साठ किलोचा कट्टा धरला तर साडेपाच क्विंटलच्या आसपास, हमीभावाने सव्वीस हजारांच्या वर.

मी म्हटलं, काळजी नाही, रेकॉर्डिंग आहे. मोबाईलवर मागच्या तारखा उघडायला गेले, तर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग परवाच्या रात्रीचं. त्याआधी काहीच नाही. जे होतं त्यात परवा रात्री मिस्टर ओलीत करून घरी आले ती वेळ शोधली. फाटकातून एक पांढरा ठिपका आत आला आणि छपरीकडे गेला, बस. माझ्या नवऱ्याला मीच ओळखू शकले नाही. कॅमेरा चुना मारलेल्या खांबाला अगदी लागून बसवला होता, रात्री त्याचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, उजेड त्या खांबावर आपटून परत यायचा आणि पुढचं सगळं धुरकट व्हायचं.

त्या माणसाला फोन केला. पहिल्या दिवशी "उद्या येतो", दुसऱ्या दिवशी "गाडीवर आहो", तिसऱ्या दिवसापासून फोन बंद.

हिंगणघाटहून ओळखीतला एक मेकॅनिक पोरगा आला. डीव्हीआर टीव्हीला जोडून त्याने स्टोरेजचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं ४६५ जीबी, म्हणजे ५०० जीबीची डिस्क, यंत्रात ती तेवढीच दिसते. डबा खोलला तर डिस्कवर २ टीबीचं स्टिकर चिकटवलेलं, नखाने काढलं तर खाली जुनं लेबल. डिस्कच्या तब्येतीच्या पानावर ती किती दिवस चालली आहे तेही दिसतं. आकडा बाराशेच्या वर होता. आमच्या घरी येऊन तिला सत्तर दिवससुद्धा झाले नव्हते. तीन वर्षांच्या वर दुसरीकडे घासलेली डिस्क नवी म्हणून आम्हाला दिली. कॅमेऱ्यावर ५ मेगापिक्सेल छापलं होतं, डीव्हीआर दाखवत होता २. वायर ब्लेडने सोलून त्याने आतल्या तारेला चुंबक लावलं, तर तार चिकटली. तांब्याला चुंबक चिकटत नाही. आत लोखंड होतं, वरून तांब्याचा रंग.

मग त्याने एका कागदावर हिशेब करून दाखवला. तो कागद मी जपून ठेवला आहे, इथे देते. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चोवीस तास जुन्या पद्धतीने, म्हणजे एच.२६४ मध्ये, ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला ४३ जीबीच्या आसपास जागा खातो. चार कॅमेरे म्हणजे रोज १७० जीबी. ४६५ जीबीत पावणेतीन दिवस, की जुनं पुसून त्यावर नवं. खरी २ टीबीची डिस्क असती तरी दहा-अकरा दिवसच. नवी पद्धत, एच.२६५, असेल तर जागा साधारण निम्मी लागते. म्हणजे "महिनाभर" हे त्याचं बोलणं, सगळा माल अस्सल असता तरी, खोटंच होतं. चोरी आज झाली आणि उद्या कळली असं शेतकऱ्याच्या घरी होत नाही. थप्पीमागचं, कोठीतलं, वावरातल्या खोलीतलं आठ-पंधरा दिवसांनी कळतं. तेवढ्या दिवसांचा हिशेब करूनच डिस्क घ्या.

इथपर्यंतचं नुकसान पैशाचं होतं. पुढचं लिहिताना अजून हात थरथरतात.

मुलगी वर्ध्याहून कॉलेजच्या सुट्टीत आली होती. ती ॲप चाळत होती आणि एकदम म्हणाली, "आई, हे आपलं नाहीच आहे. आपल्याला शेअर केलेलं आहे." यंत्र एका वेळी एकाच खात्याला जोडता येतं. तो खातेदार मालक, बाकीच्यांना तो फक्त पाहू देतो. आमच्या घराच्या कॅमेऱ्यांचा मालक तो फिटिंगवाला होता. त्याने आम्हाला पाहू दिलं होतं. मागच्या अंगणातला चौथा कॅमेरा कुठे रोखलेला होता? न्हाणीकडे. आमच्या न्हाणीला टिनाचं दार आहे, वरून उघडी आहे, आणि कॅमेरा उंचावर होता. मी, मुलगी, सासूबाई, सगळ्यांनी त्या दोन महिन्यांत तिथेच आंघोळी केल्या. सासूबाईंना सांगावं की नाही यावर आम्ही मायलेकी तासभर बोललो. शेवटी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मी त रोज तिथंच आंग धुतो ना वं माय."

त्याने पाहिलं की नाही, मी सिद्ध करू शकत नाही. तो पाहू शकत होता, एवढं मात्र नक्की.

मुलीने आधी डीव्हीआरची इंटरनेटची वायर उपटली. तुमच्याकडे असंच निघालं तर पहिलं काम हेच करा, पण त्याआधी मालकाचं खातं दाखवणाऱ्या पानाचे फोटो काढून ठेवा. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला की यंत्र त्या खात्यातून सोडवून द्या. त्यांनी सिरीयल नंबर आणि बिल मागितलं. बिल कुठून आणू? वाचवलेले पाच हजार तेव्हा मला आठवले. बिलाशिवाय ते यंत्र आमचं आहे हे सांगणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता.

चोरीची तक्रार पोलीस ठाण्यात दिली, कॅमेऱ्याची वेगळी दिली. बाईला अशा खाजगी क्षणी चोरून पाहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. लाजेपोटी ही गोष्ट दाबू नका, आम्हीही आधी तेच करणार होतो. सायबर क्राईमच्या पोर्टलवरही तक्रार घालता येते. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन केला. बिल नसलं तरी मोबाईलवरून दिलेल्या पैशांची नोंद, ती चिठ्ठी आणि त्याचे मेसेज पुरावा म्हणून जोडता येतात. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. रोख दिलेल्या सहा हजारांची नोंद मात्र कुठेच नाही.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा कॅमेरे घेतले. वायर, डिस्क आणि डीव्हीआर नवे, कॅमेरे तीनच. पक्कं बिल घेतलं, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर लिहून घेतला. दुकानाचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या साईटवर तपासता येतो. कॅमेऱ्यावर आर ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. सरकारने कॅमेऱ्यांच्या सुरक्षेच्या नव्या अटी ९ एप्रिल २०२५ पासून लागू केल्या आहेत, दुकानदाराला त्याबद्दलही विचारा. खातं मुलीने माझ्या मोबाईल नंबरवर उघडलं, पासवर्ड टाकताना फिटिंगवाल्या पोराला बाहेर बसवलं, त्याला राग आला नाही. डीव्हीआर आणि राऊटर इन्व्हर्टरवर टाकले, कारण आमच्याकडे लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही.

पैसे मात्र लगेच दिले नाहीत. त्या रात्री फाटकाजवळचा दिवा बंद करून मिस्टर डोक्याला दुपट्टा बांधून फाटकातून छपरीपर्यंत चालत आले. सकाळी दुकानदारासमोर ते रेकॉर्डिंग उघडलं. चेहरा येत नव्हता. २.८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये सगळं अंगण मावतं, पण अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू येईल असा साधारण दहा फुटांपर्यंतच मिळतो. फाटकाचा कॅमेरा खाली, सात फुटांवर घेतला, चुन्याच्या खांबापासून दूर. दुसऱ्या रात्री पुन्हा चालून पाहिलं. चेहरा आला. मग पैसे दिले, सगळे मोबाईलवरून, बिलावर नाव असलेल्या दुकानाच्याच खात्यात.

हिंगणघाट-समुद्रपूर भागात २०२४च्या दिवाळीनंतर कोणी बिलाशिवाय कॅमेरे बसवून घेतले असतील तर आजच ॲप उघडून पाहा, यंत्र तुमच्या नावावर आहे की शेअर केलेलं आहे. शेअर केलेलं निघालं, तर फोटो काढा, इंटरनेटची वायर काढा आणि घरातल्या बायकांना सांगा. आमच्या मागच्या भिंतीत जिथे चौथा कॅमेरा होता ते भोक मिस्टरांनी सिमेंटने बुजवलं. सासूबाई तरीही न्हाणीवर लुगडं टाकल्याशिवाय आंघोळीला जात नाहीत.