विजेची शेकोटी: जमिनीवर ठेवायची, भिंतीला टांगायची की भिंतीत बसवायची?

विजेची शेकोटी निवडताना बहुतेकांचा सगळा वेळ ज्वाळा बघण्यात जातो. निखारे खरे वाटतात का, रंग बदलतो का, लाकूड तडतडल्याचा आवाज येतो का. हौसेची वस्तू आहे, तेव्हा हे बघावंच. पण ती घरात सुखाने नांदणार की नाही, हे मागची भिंत आणि त्या भिंतीतली वायर ठरवते. म्हणून इथे वीज आधी, भिंत मग आणि रूप सगळ्यात शेवटी.

उबेचा मुद्दा लगेच निकालात काढता येतो. कुठलाही प्रकार घ्या, आत तापणारी कॉइल आणि तिच्यावरून हवा ढकलणारा पंखा, एवढाच कारभार. २००० वॅटची शेकोटी स्वस्त असो की महाग, तासाला २ युनिट खाते आणि तेवढीच उष्णता देते. ‘आमच्या मॉडेलला वीज कमी लागते आणि ऊब जास्त मिळते’ असं कोणी सांगू लागलं, तर दुसऱ्या दुकानात जावं. निव्वळ खोली गरम करायची असेल, तर हिवाळ्यात गरम हवा देणारा एसी त्याच विजेत दोन-तीन पट उष्णता देतो, कारण तो ती बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. शेकोटी घ्यायची ती ज्वाळांसाठी आणि समोर बसणाऱ्याला मिळणाऱ्या उबेसाठी.

ज्वाळांना मात्र वीज फारच थोडी लागते. एलईडीवर चालणारं दृश्य २० वॅट घेत असेल असं धरलं, तर चार तासांत ०.०८ युनिट जळतं. तेवढ्याच वेळात २००० वॅटचा हीटर ८ युनिट जाळतो. त्यामुळे ज्वाळा आणि हीटर वेगवेगळे चालू-बंद करता येतात ना, हे विकत घेण्याआधी बघा. काही मॉडेल्समध्ये साध्या बल्बवर ज्वाळा नाचवतात. त्यांना वीज जास्त लागते आणि बल्ब बदलत बसावे लागतात.

वायरिंगचा हिशेब

२३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे जवळजवळ ८.७ अँपिअर. १२० व्होल्टचा पुरवठा असलेल्या ठिकाणी १५०० वॅटचीच शेकोटी १२.५ अँपिअर ओढते. विजेची किटलीही जड लोड घेते, पण काही मिनिटंच. शेकोटी हाच प्रवाह संध्याकाळभर घेते, आणि वायरिंगची खरी परीक्षा तिथे होते.

सॉकेटमध्ये पिन ढिली बसली असेल आणि त्या सांध्याचा रोध जेमतेम ०.१ ओहम असेल, तरी ८.७ अँपिअरला तिथे साडेसात वॅट उष्णता तयार होते. आकडा किरकोळ वाटतो, पण ती सगळी उष्णता पिनेच्या टोकाएवढ्या जागेत साठते. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग मऊ. हे चालू असताना एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, तोही पडत नाही, कारण गळती कुठेच नसते. दोन्ही हवेतच, एक ओव्हरलोडसाठी आणि दुसरा शॉकसाठी. पण ढिल्या सांध्यावर त्यांचा पहारा नसतो. तिथे हात आणि नाकच कामाला येतात.

म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड नको, मल्टिप्लग नको आणि गुंडाळलेल्या केबलचं रीळ तर मुळीच नको. गुंडाळी आतून तापते आणि उष्णतेला वाट मिळत नाही. जड लोडचा, अर्थिंग असलेला, भिंतीतला पॉइंट हवा. प्लगवाल्या शेकोटीचा प्लग हाताला लागेल असा असावा, पण सॉकेट शेकोटीच्या बरोब्बर वर नको. वर चढणारी गरम हवा थेट त्याच्यावर जाते.

आता तिन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघू.

जमिनीवरची

भाड्याचं घर असेल किंवा शेकोटी या खोलीतून त्या खोलीत न्यायची असेल, तर हीच घ्या. भोकं पाडायची नाहीत, चौकट करायची नाही. बसवणं सगळ्यात सोपं, वापरताना शिस्त सगळ्यात जास्त, असा हा सौदा आहे. टांगलेली शेकोटी जागची हलत नाही. ही कोणीतरी झाडू मारताना सरकवतो आणि मग ती पडद्यापाशी तशीच राहते. समोर कमीत कमी एक मीटरभर जागेत सोफा, पडदा, कागद, अंथरूण काही नको. आडवी झाल्यास आपोआप बंद करणारा स्विच आणि जास्त तापल्यास वीज तोडणारा कट-आउट, दोन्ही असल्याशिवाय घेऊ नका.

हवा कुठून आत जाते हेही बघा. काही मॉडेल्सची जाळी तळाशी असते आणि ती जाड गालिच्यावर ठेवली की लव जाळीत शिरते, हवा अडते, कट-आउट पुन्हा पुन्हा वीज तोडतो. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. खरं तर ते आपलं काम चोख करत असतं.

टांगलेली

जमिनीवरचीच्या मानाने हिची वायर पायात येत नाही, रांगतं मूल थेट जाळीपाशी पोचत नाही, जागाही वाचते. मात्र सगळा भार भिंतीवर येतो. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर योग्य मापाचे अँकर पुरतात. जिप्सम बोर्डच्या पोकळ भिंतीत नुसते रॉलप्लग ठोकून भागत नाही. ब्रॅकेट मागच्या उभ्या चौकटीलाच कसावं लागतं. चौकट सापडत नसेल तर भिंतीवरून छोटं लोहचुंबक फिरवा. बोर्डच्या स्क्रूवर ते अडकतं आणि स्क्रू चौकटीवरच असतात. ड्रिल लावण्याआधी वायर कुठून गेली आहे तेही तपासा. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर-खाली वायर असण्याचा संभव सर्वांत जास्त.

वर टीव्ही लावायचा बेत असेल, तर गरम हवा समोरून किंवा खालून बाहेर टाकणारं मॉडेल निवडा. वरच्या कडेतून हवा सोडणारं मॉडेल टीव्हीच्या पोटाखाली नको. बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेतच वापरायचे असतात, आणि जाळीजवळची हवा त्याहून बरीच गरम असते.

भिंतीत बसवलेली

दिसायला हिला तोड नाही. भिंतीशी समतल काच, कुठे वायर नाही, खोलीला एकदम रुबाब येतो. धोक्याच्या जागाही हिच्यातच जास्त, कारण जे काही बिघडेल ते नजरेआड बिघडेल.

टांगलेली शेकोटी मागे-वर मोकळा श्वास घेते. हिला आपण कोंडतो. बाजूला, वर आणि मागे किती मोकळी जागा सोडायची, हे मॉडेलप्रमाणे बदलतं आणि माहितीपुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. सुताराला तोंडी ‘दोन बोटं सोड’ म्हणून सांगू नका. पुस्तिकेतलं ते पान छापून त्याच्या हातात द्या. नीटस दिसावं म्हणून जाळीवर पट्टी मारणं हा सुतारकामातला नेहमीचा प्रताप, आणि इथे तो महागात पडतो. चौकटीजवळ थर्माकोल किंवा फोमचं अस्तर नसावं.

वीजजोडणी थेट असेल तर स्वतंत्र एमसीबी, तिथून शेकोटीपर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच, तोही चौकटीच्या बाहेर. २३० व्होल्टला २००० वॅटसाठी सहसा २.५ चौरस मिमी वायर पुरते. लांबी जास्त असेल किंवा वायर उष्णतारोधक थरातून जात असेल तर इलेक्ट्रिशियन जाड सुचवेल, तेव्हा घासाघीस करू नका. आणि काम सुरू होण्याआधीच एक प्रश्न विचारून घ्या: पंखा बंद पडला तर भिंत न फोडता शेकोटी बाहेर निघेल का? उत्तर ‘बघू’ असं आलं, तर आराखडा बदला.

घरात जुनी लाकडाची शेकोटी असेल, तर तिच्या पोकळीत बसणारे इन्सर्टही मिळतात. ही मला तिन्हींपेक्षा सोयीची वाटते, कारण चौकट आयतीच असते. फक्त काजळी आधी साफ करून घ्यावी, धुरांडं वरून झाकावं म्हणजे पाऊस विजेच्या जोडणीवर टपकणार नाही, आणि खालूनही पत्र्याने बंद करावं, नाहीतर ऊब थेट आभाळात जाते. पूर्ण हवाबंद मात्र करू नये. थोडी फट नसली तर आत ओल धरते. पाण्याच्या वाफेची ज्वाळा दाखवणारे प्रकार सुंदर दिसतात, पण टाकी घासायचा कंटाळा असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मग कोणती?

घर भाड्याचं असेल किंवा जड लोडचा एकच पॉइंट असेल, तर जमिनीवरची. घर स्वतःचं आहे, भिंत पक्की आहे, पण तोडफोड नको आहे, तर टांगलेली. बहुतेक घरांना मी हीच सुचवेन. भिंतीतली फक्त तेव्हाच, जेव्हा त्या खोलीचं काम तसंही निघणार आहे आणि वायरिंग उघडं पडणार आहे. तयार भिंत फोडून, जुन्याच पॉइंटवरून वायर ओढून ती बसवण्यात काही अर्थ नाही. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल, तर कुठल्याही प्रकारात सतत नजर किंवा भिंतीला कसलेलं संरक्षक जाळीचं कुंपण हवंच. टब-शॉवरच्या आसपास यातली कुठलीच नको.

पहिल्यांदा हीटर लावाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा. कॉइलवरची धूळ आणि लेप जळल्याचा वास येतो, तो थोड्या वेळात जातो. अर्ध्या तासाने हीटर बंद करा आणि प्लगवर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, पिनांभोवती रंग बदलला असेल किंवा मासळी करपल्यासारखा वास येत असेल, तर सॉकेट बदलेपर्यंत वापर थांबवा. हीच तपासणी दर हिवाळ्याच्या सुरुवातीला करा, जाळीतली धूळ काढून झाल्यावर.

टायमर किंवा मोबाईलवरून चालणारा प्लग लावून ‘घरी पोचेपर्यंत खोली गरम’ करण्याचा मोह मात्र आवरा. मागे कोणी जाळीवर ओला टॉवेल वाळत घातलाय का, हे मोबाईलवर दिसत नाही.