‘काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो’ : अंत्यविधीच्या पॅकेजमध्ये कशी फसवणूक होते

मुंबईच्या पूर्व उपनगरातलं एक कुटुंब. घरातल्या आजोबांचं रात्री खासगी रुग्णालयात निधन झालं. बिलाच्या खिडकीपाशी एक माणूस अदबीनं पुढे आला आणि म्हणाला, ‘काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो.’ पहाटे अंत्यसंस्कार पार पडले आणि दुपारी हातात 44,100 रुपयांची चिठ्ठी आली. त्यातले 20,000 त्यानं रात्रीच यूपीआयवर आगाऊ घेतले होते. चिठ्ठीवर ना संस्थेचं नाव, ना नोंदणी क्रमांक, ना सही.

ही चिठ्ठी ओळीओळीनं वाचण्यासारखी आहे. शहर कुठलंही असो, लूट याच ओळींमधून होते.

शववाहिका 8,500. पास व कागदपत्रं 5,000. लाकूड आठ मण 9,600. चंदन, तूप व साहित्य 11,000. शीतपेटी 6,000. मृत्यू दाखला 4,000.

आधी पास, म्हणजे अंत्यसंस्काराची परवानगी, आणि कागदपत्रं. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना 4 मध्ये आणि घरी झाला तर नमुना 4अ मध्ये मिळतं. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनी ते कोणतीही फी न घेता द्यायचं, असं 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच लिहिलं आहे. घरी बोलावलेल्या डॉक्टरांची भेटीची फी ही वेगळी गोष्ट. कागदाचे पैसे मागणं चूक. हे प्रमाणपत्र, मृताचं आधार कार्ड आणि सोबतच्या नातेवाइकाचं ओळखपत्र घेऊन घरातलाच कोणी स्मशानभूमीच्या कार्यालयात गेला की नोंदवहीत नाव चढतं. अपघात, आत्महत्या, भाजणं, पडणं किंवा संशयास्पद मृत्यू असेल तरच पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन आणि ना-हरकत पत्र लागतं. या कुटुंबात तसं काहीच नव्हतं. तरी ‘पोलिसांचं मी सांभाळून घेतो’ या एका वाक्यावर 5,000 गेले.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते : कागद दुसऱ्याच्या हातात जातात. एकदा मूळ प्रमाणपत्र त्या माणसाच्या फाइलमध्ये गेलं की पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच बोलतो. कुठे पैसे लागले आणि कुठे नाही, हे घरच्यांना कळायला मार्गच उरत नाही. रडारड चालू असताना घरातल्या एखाद्या शांत माणसाकडे, शेजारी असला तरी चालेल, फक्त कागद सांभाळायचं काम द्या. मूळ प्रमाणपत्राचा फोटो तिथेच काढून ठेवा.

रुग्णालयाचं बिल थकलंय म्हणून मृतदेह अडवला जातोय, असं सांगून घाई करणारेही असतात. रुग्णहक्कांच्या राष्ट्रीय सनदेनुसार बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. बिलाचा वाद स्वतंत्र चालतो.

आता लाकूड. मुंबई महापालिकेच्या स्मशानभूमीत एका मृतदेहासाठी सुमारे 300 किलो लाकूड विनामूल्य मिळतं. विद्युत आणि गॅसदाहिनीलाही पैसे नाहीत. त्या माणसानं सांगितलं ते असं : ‘पालिकेचं लाकूड ओलं असतं, तेवढ्यात होत नाही, आपलं आठ मण आणावं लागेल.’ वेगळं लाकूड आलंच नाही. चिता पालिकेच्या लाकडावर रचली गेली आणि 9,600 रुपये खिशात गेले. कोणी मोजायला उभं नव्हतं, आणि अशा वेळी कोण उभं राहणार?

त्याच्या थापेत तथ्याचा कण आहे, म्हणूनच ती पचते. पावसाळ्यात लाकूड दमट असतं. दमट लाकडाची बरीचशी उष्णता आतलं पाणी उडवण्यातच जाते. धूर होतो, पण ताव धरत नाही आणि मग रॉकेल किंवा डिझेल ओतायची वेळ येते. वजनातही ओलं लाकूडच जास्त भरतं, म्हणजे पाण्याचे पैसे आपण देतो. पण याला उपाय जास्तीचं लाकूड हा नाही, नीट रचणं हा आहे. खाली जाड ओंडके, मध्ये हवा खेळेल एवढी फट ठेवून. छाती आणि कंबर जळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून वजनदार लाकूड त्या भागावर. बारीक आणि सुकं बाजूंना आणि वर. मधल्या फटींत गोवऱ्या, आणि राळ व कापूर पेटतं ठेवण्यापुरतं. स्मशानातल्या कामगारांना हे उत्तम येतं. त्यांना रचू द्या, मध्येच नातेवाइकांनी लाकडं ढकलू नयेत.

जिथे लाकूड विकत घ्यावं लागतं तिथे दर मणाचा सांगतात. मण म्हणजे किती किलो, हे आधी विचारा. कुठे 40 किलो धरतात, गुजरातकडच्या रिवाजात 20. आठ मण म्हणजे 320 किलो की 160? भाव किलोवर ठरवा आणि काट्यावर उभं राहा.

हाच माणूस रात्री म्हणाला होता की विद्युतदाहिनी बंद आहे. यंत्रं दुरुस्तीसाठी खरोखर बंद असतात, त्यामुळे यावर सहज विश्वास बसतो. स्मशानभूमीत स्वतः फोन करा किंवा दुचाकीवर कोणाला तरी पाठवा. दाहिनीत विकायला त्याच्याकडे काही उरत नाही, हे ‘बंद आहे’ म्हणण्याचं खरं कारण. पिंड, पाणी, मडकं, कापराची मुखाग्नी हे सगळे विधी दाहिनीबाहेर करता येतात. दहन साधारण तास-दीड तासात होतं आणि बहुतेक वेळा अस्थी त्याच दिवशी मिळतात. चितेवर राख निवायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी जावं लागतं. आत नेण्याआधी नारळ, पाण्याच्या किंवा अत्तराच्या बाटल्या, नायलॉनच्या शाली आणि प्लास्टिकच्या माळा काढाव्यात. पेसमेकर असेल तर तो आधी काढलाच पाहिजे. त्याची बॅटरी उष्णतेत फुटते. दाहिनीचं नुकसान होतं आणि कामगाराला इजा होऊ शकते. रुग्णालयातून निघण्याआधी डॉक्टरांना याची आठवण करून द्या.

साहित्याचे 11,000 तर अक्षरशः हवेत गेले. तिरडीला दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, गवत किंवा चटई, कोरं पांढरं कापड. शिवाय मडकं, गोवऱ्या, कापूर, तीळ, दर्भ, तुळस, बुक्का, फुलं. स्मशानाजवळच्या दुकानात हा संच बांधून तयार मिळतो आणि त्याचा भाव विचारता येतो. बिल फुगतं ते चंदन आणि तुपात. अस्सल चंदनाचा दर किलोला हजारांत असतो. ‘पाच किलो चंदन’ म्हणून येते ती बहुधा कुठल्यातरी फिकट लाकडाला अत्तर चोपडलेली मोळी. एका तुकड्याची साल चाकूनं खरवडा. वास फक्त वरच्या थरालाच असेल तर ते चंदन नव्हे. अस्सल तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळला की आतून सुगंध देतो. धर्मभावनेसाठी घरच्या देवघरातलं चंदनाचं एक खोडही पुरतं. तुपाच्या डब्यात बऱ्याचदा वनस्पती तूप असतं. घरून अर्धा किलो नेलं तर विधी यथासांग होतो.

शीतपेटीची गरज असते तेव्हा असते. परदेशातून मुलगी यायची आहे, रात्र काढायची आहे, अशा वेळी ती घ्यावीच. इथे मृतदेह घरी दोन तास होता. पेटी आतून गार व्हायलाच बराच वेळ लागतो, आणि दर पाच मिनिटांनी दर्शनासाठी झाकण उघडलं तर ती गार राहत नाही. एवढ्या अवधीला खोलीचा एसी किंवा बर्फाच्या लाद्या पुरतात. जास्त वेळ लागणार असेल तर पालिका रुग्णालयाच्या शवागाराची चौकशी करा. पेटी घेतलीच तर भाडं 12 तासांचं की 24 चं आणि अनामत परत कधी, हे लिहून घ्या.

वाहनाचंही तसंच. 108 ची रुग्णवाहिका मृतदेहासाठी नसते. त्यासाठी पालिकेची शववाहिका मागवायची. खासगी गाडीवाला परतीचे किलोमीटर, रात्रीचा आकार, मदतनिसाची मजुरी मागाहून लावतो. निघण्याआधी एकच एकूण आकडा मेसेजवर मागा. गावी न्यायचं असेल आणि प्रवास लांबचा असेल तर मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया करावी लागते; ती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात होते, तिथे आधी विचारा. विमानानं न्यायचं तर त्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र, मृत्यूची कागदपत्रं आणि पोलिसांचं पत्र लागतं.

दफन करणाऱ्या घरांतही हाच खेळ वेगळ्या शब्दांत चालतो. लिंगायत समाजाची रुद्रभूमी, कब्रस्तानाचा ट्रस्ट, चर्चचं पॅरिश कार्यालय, यांच्याशी घरच्यांनी थेट बोलावं. मुंबईसारख्या शहरात जागा कमी, त्यामुळे ठरावीक काळानंतर तीच कबर पुन्हा वापरली जाते. ‘कायमची जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. शवपेटी घेताना साधी लाकडीच घ्यावी; सनमायका लावलेल्या, आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या महागड्या पेट्या मातीत लवकर कुजत नाहीत, त्यामुळे दफनभूमीत त्या चालतात का हे आधी विचारावं.

देहदानाला कुणीच पैसे मागू शकत नाही. मृत्यूनंतर काही तासांतच वैद्यकीय महाविद्यालयाला कळवावं लागतं, जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असेल तर देह स्वीकारत नाहीत. म्हणून दुसरा पर्याय मनात तयार ठेवावा. नेत्रदान सहा तासांच्या आत, तेही मोफत.

शेवटची ओळ मृत्यू दाखल्याची, आणि या घराला सगळ्यात जास्त मनस्ताप तिनंच दिला. मृत्यूची नोंद 21 दिवसांत केली तर दंड नाही आणि माहिती देणाऱ्याला पहिली प्रत मोफत मिळते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, त्यापुढे परवानगी घ्यावी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. त्या माणसानं 4,000 घेऊन फॉर्म स्वतःच भरला आणि आजोबांचं मधलं नाव गाळलं. बँकेनं आणि विमा कंपनीनं दावा परत पाठवला. आता दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, आधार, जुना शाळेचा दाखला घेऊन फेऱ्या चालू आहेत. फॉर्मवर सही करण्याआधी मृताचं नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव, पत्ता आणि मृत्यूची तारीख आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

मृत व्यक्ती ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, विमाधारक असेल तर अंत्यविधीच्या प्रत्यक्ष खर्चापोटी कमाल 15,000 रुपये मिळतात. दाव्यासोबत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून वाहन, साहित्य, पेटी यांच्या वेगवेगळ्या पावत्या मागा, नाव आणि तारखेसह. नाव नसलेली चिठ्ठी तिथे दाखवता येत नाही. ती हातात आलीच असेल तर यूपीआयच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आणि त्या माणसाचा नंबर जपून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि रुग्णालयाच्या प्रशासनालाही त्याची प्रत द्या, कारण असा माणूस बिलाच्या खिडकीपर्यंत आतल्या कुणाच्या तरी संमतीशिवाय पोहोचत नाही.