गळती टक्क्यांनी धरायची की दाबानुसार?

पाणीवाटपाचं मॉडेल ‘एपानेट’ या संगणक प्रणालीत उभं करताना पाइपांचे व्यास, लांबी, टाकीची उंची फारसा वाद न होता भरली जाते. घोडं अडतं ते गळतीपाशी. रुळलेली रीत अशी: माणशी रोज 135 लिटर गुणिले लोकसंख्या, वर 15 टक्के गळती, आणि ती बेरीज नोडांवर, म्हणजे पाइप जिथे जुळतात त्या बिंदूंवर, वाटून मोकळं व्हायचं. दुसऱ्या रीतीत नळातून मिळणारं पाणी आणि फुटक्या सांध्यातून जाणारं पाणी, दोन्ही त्या क्षणीच्या दाबावर सोडायची.

टक्क्यांच्या रीतीला माहिती कमी लागते आणि तपासणाऱ्याला आकडे चटकन पटतात. नवीन वसाहत असेल, चोवीस तास पुरेसा दाब राहणार असेल आणि फक्त व्यास ठरवायचे असतील, तर दाबाधारित गणिताचा हट्ट मला तरी वायफळ वाटतो.

जुन्या जाळ्यात मात्र ही रीत फसवते. मागणी ठाम धरलेली असल्यामुळे टोकाच्या नोडवर दाब उणे दिसतो आणि तरीही तिथे ‘पूर्ण पुरवठा’ झालेला असतो. दाब कमी करून गळती वाचवायचा विचार असेल तर ती अजिबातच उपयोगाची नाही. झोनचा, म्हणजे जाळ्याच्या एका वेगळ्या भागाचा, दाब 30 मीटरवरून (पाण्याच्या उंचीत मोजलेला) 20 वर आणा. टक्क्यांच्या मॉडेलमध्ये गळती तसूभरही हलत नाही. दाबाधारित सूत्रात गळती दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात बदलते; तो घातांक 0.5 धरला तर ती सुमारे 18 टक्क्यांनी घटते, 1 धरला तर 33 आणि 1.5 धरला तर 46 टक्क्यांनी. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचा की नाही, हा निर्णय या आकड्यांवरच उभा असतो.

घातांक कोणता घ्यायचा? लोखंडी पाइपातलं गोल भोक दाब वाढला तरी फारसं मोठं होत नाही, म्हणून 0.5 च्या जवळ. पीव्हीसीतली लांबट चीर दाबाबरोबर उघडते, तिथे 1.5 किंवा त्याहूनही जास्त. सगळी सरमिसळ असलेल्या झोनसाठी 1 पासून सुरुवात करावी आणि निष्कर्ष दोन्ही टोकांना तपासून पाहावा. दाबाधारित मागणीची सोय एपानेटच्या 2.2 आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून आहे. पण किमान आणि आवश्यक दाब त्यात सगळ्या जाळ्याला एकच द्यावा लागतो. बैठी घरं आणि चार मजली इमारती एकाच मापात बसतात. गळतीसाठी नोडवर एमिटर, म्हणजे दाबानुसार पाणी बाहेर सोडणारं मॉडेलमधलं छिद्र, लावतात. नोडचा दाब उणे झाला तर तो एमिटर बाहेरून पाणी आत घेतो, म्हणून ताळेबंद बघताना तिकडे लक्ष ठेवा.

दाबाधारित रीतीची खरी किंमत मोजमापात आहे. एमिटरचा गुणांक, म्हणजे ठरावीक दाबाला किती पाणी गळेल हे सांगणारा आकडा, काढायला रात्री दोन ते चारमधला झोनचा प्रवाह हवा, त्यातून रात्रीचा खरा वापर वजा करायला हवा. हे मोजलेलं नसेल तर गुणांक अंदाजाचा, आणि मग टक्केवारीच्या अंदाजापेक्षा तो फक्त रुबाबदार दिसतो.

आपल्या कितीतरी गावांत तर रात्री पाइप रिकामाच असतो. दिवसाआड दोन तास पाणी, चावी सोडली की प्रत्येक घर आपली टाकी भरून घेणार, कोणी थेट लाइनला मोटर लावणार. अगदी रोज दोन तास पाणी आलं तरी चोवीस तासांचं पाणी दोन तासांत जातं, म्हणजे सरासरीच्या 12 पट. सर्वाधिक वापराच्या वेळेसाठी सरासरीला लावतात तो 3 चा गुणक तिथे लंगडा पडतो. अशा ठिकाणी वरच्या दोन्ही रीतींत मागणीचा भागच चुकतो. प्रत्येक नोडवर घरांच्या टाक्यांची एकत्र टाकी दाखवून ती भरेपर्यंत पाणी ओढू द्यावं, हे वास्तवाच्या जास्त जवळ जातं. टाकी भरल्यावर फ्लोट नसलेल्या घरांतून वाहून जाणारं पाणी वेगळं धरावं. ते महापालिकेच्या पाइपाची गळती नव्हे.

बजेट एकाच गोष्टीला पुरणारं असेल तर मी पैसे झोनच्या तोंडाशी एकूण प्रवाह मोजणारा बल्क मीटर आणि टोकाला दाब नोंदवणारं यंत्र यांवर घालेन. मॉडेल पहिले काही आठवडे टक्क्यांवर चालू द्यावं. नोंदी हाती आल्या की त्याच फाइलमध्ये दाबाधारित मागणीचा पर्याय निवडून एमिटर भरता येतात. जाळं पुन्हा काढावं लागत नाही.