हवेची गळती, सोलर की आयएसओ: भोसरी-चाकणच्या कारखानदाराने पैसे आधी कुठे घालावेत?

गिऱ्हाईक कंपनीकडून ‘तुमचं कार्बन उत्सर्जन किती?’ असं विचारणारी एक्सेल शीट आली, की आपल्याकडचा कारखानदार दोन फोन करतो. एक सोलरवाल्याला, दुसरा आयएसओ प्रमाणपत्राच्या कन्सल्टंटला. कॉम्प्रेसरच्या मेन्टेनन्सवाल्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला फोन त्यालाच जायला हवा.

अशा शीट येणं आता थांबणार नाही. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, सक्तीचा केला आहे. टाटा मोटर्सने प्रवासी गाड्यांसाठी 2040 आणि व्यावसायिक वाहनांसाठी 2045 ही नेट झिरोची (निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची) वर्षं जाहीर केली आहेत. अशा हिशेबात पुरवठादाराची वीजही धरली जाते. पण पैसे तुमच्या खिशातून जाणार, तेव्हा खिशाच्याच बाजूने बघू. एचटी (उच्च दाबाच्या विजेचं) कनेक्शन असलेलं, दोन शिफ्टचं मशिन शॉप डोळ्यासमोर ठेवलं आहे.

हवेची गळती. शॉपमधली सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे दाबलेली हवा. कॉम्प्रेसरला दिलेली बहुतेक वीज उष्णता होऊन उडून जाते आणि उरलेली फुसफुसत जाते. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला 3 मिमीचं एक भोक म्हणजे साधारण 3 किलोवॉटचा भार. दिवसाला सोळा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर 14,400 युनिट. युनिट नऊ रुपयांना धरा, सव्वा लाखाच्या वर जातात. एका भोकाचे!

तपासणी फुकट होते. गुरुवारी शॉप बंद असताना (महावितरणने देखभालीसाठी लाइन बंद ठेवली नसेल तर) फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि तो किती मिनिटं लोडवर (हवा भरत), किती अनलोडवर (रिकामा फिरत) राहतो ते अर्धा तास लिहून काढा. हवा वापरणारं एकही मशिन चालू नसताना तो दहातली तीन मिनिटं लोड घेत असेल, तर त्याच्या क्षमतेतली 30 टक्के हवा गळते आहे. मग साबणाचं पाणी घेऊन पीयू (प्लास्टिकच्या) ट्यूबचे जोड, एफआरएल युनिट (हवा गाळून दाब नेमणारं), एअर गन असं एकेक बघत जायचं. कधीतरी एका ऑपरेटरने ‘हवा कमी येते’ म्हटलं म्हणून प्रेशर आठ बारवर नेलेलं असतं आणि ते तसंच राहतं. एक बार खाली आणलं की कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते.

यात गुंतवणूक जवळपास नाहीच, पैसे काही आठवड्यांत सुटतात. वाईट इतकंच की गळती परत येते. दर तिमाहीला हे काम करावं लागतं आणि पाहुण्यांना दाखवायला काही उरत नाही. म्हणूनच बहुधा ते कुणी करत नाही.

सोलर. 100 किलोवॉटला साधारण दहा हजार चौरस फूट छत लागतं, खर्च 40 ते 50 लाख. पुण्याच्या उन्हात वर्षाला सुमारे 1 लाख 40 हजार युनिट मिळतात. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर शीटमध्ये शंभरेक टनांची घट दाखवता येते. हा आकडा गिऱ्हाइकाला आवडतो. पैसे चारेक वर्षांत सुटतात. आयकरात 40 टक्के घसारा मिळतो, त्यामुळे नफ्यातल्या कंपनीला थोडे आधीच.

सोलरवाला हे सगळं सांगतो. पुढचं तुम्ही विचारायचं. गुरुवारची वीज कुठे जाणार? नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घेण्याची सोय) नसेल तर वाया. लाइन गेली की बॅटरीशिवायचा साधा इन्व्हर्टरही बंद पडतो, त्यामुळे जनरेटर विकायची घाई नको. दुसऱ्या शिफ्टचे अंधारातले तास सोलर भागवत नाही आणि वीजदरांची दिशा दिवसा स्वस्त, संध्याकाळी महाग अशी आहे. छत सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचं असेल तर आधी छताचा खर्च. शेड भाड्याची आणि करार अकरा महिन्यांचा असेल, तर हा विषय मालकाशी बोलल्याशिवाय काढूच नका.

भांडवल अडकवायचं नसेल तर दुसरी कंपनी तुमच्या छतावर प्लँट टाकते आणि युनिटप्रमाणे पैसे घेते. बचत कमी, डोकेदुखीही कमी; पण करार पंधरा-वीस वर्षांचा असतो. तेवढी वर्षं याच जागेत राहणार आहात का?

आयएसओ 14001. हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक. त्याच्या प्रमाणपत्राने बिल एक रुपयाने कमी होत नाही. उत्सर्जन किती असावं हेही ते सांगत नाही, ते फक्त पद्धत तपासतं. गिऱ्हाइकाच्या अटीत असेल तर घ्या, वाद नको. नसेल तर थांबा.

माझा क्रम असा: या महिन्यात गळती, मग बिलं बघून सोलर. आधी गळती बंद केली की सोलर प्लँटही लहान पुरतो. प्लेटिंग किंवा पेंटिंग करत असाल तर मात्र या तिन्हींच्या आधी ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. ईटीपीचा गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला रीतसर जात नसेल, तर एका नोटिशीत शॉप बंद होईल आणि सोलरची वीज वापरायला मशिन चालू नसेल.

युरोपला बोल्ट-स्क्रू पाठवणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथला कार्बन सीमाकर 1 जानेवारी 2026 पासून लागू आहे आणि स्टीलच्या मालात तो विजेपेक्षा मूळ स्टीलच्या उत्सर्जनावर बसतो. तिथे छतावरचं सोलर फारसं उपयोगी पडत नाही. स्टीलवाल्याकडून टेस्ट सर्टिफिकेटसोबत त्याच्या मिलचा उत्सर्जनाचा आकडाही मागायला लागा.