लाँगबोर्ड घेतला त्याला आठ महिने झाले: बेळगावच्या रस्त्यांवर क्रूझिंग आणि कार्व्हिंग

दिवाळी झाल्यावर घेतलेला लाँगबोर्ड, म्हणजे लांब फळीचा, मोठ्या मऊ चाकांचा स्केटबोर्ड, मृग लागेपर्यंत आठवड्यातून चार दिवस तरी चालवला. आता पावसामुळे तो हॉलच्या भिंतीला टेकून उभा आहे, म्हणून लिहायला सवड मिळाली. घेताना मी दोन महिने नुसती फळीच निवडत होते. लांबी किती, आकार कसा, मेपल की बांबू. खरा फरक मात्र फळीखालच्या दोन बोटं उंचीच्या रबराने पडला, आणि ते निवडायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. या अनुभवात त्या रबराबद्दलच जास्त लिहिणार आहे.

मी अनगोळला राहते. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. वजन 54 किलो, उंची पाच फूट तीन इंच. वजन मुद्दाम सांगितलं, कारण पुढचं बरंचसं त्याच्यावरच अवलंबून आहे. लहानपणी चार वर्षं रोलर स्केटिंग केलं होतं. बेळगावात त्याची आवड जुनी, आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुलांकडे तरी स्केट्स होते. त्यामुळे चाकांची भीती नव्हती. पण दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवून आडवं उभं राहायचं, ही गोष्ट अगदी वेगळी निघाली.

मला उड्या मारायच्या नव्हत्या, घाट उतरायचा नव्हता. सकाळी सहाला निघावं, पाच-सहा किलोमीटर शांतपणे सरकत जावं, रस्ता मोकळा दिसला की टाचेवरून बोटांवर आणि बोटांवरून टाचेवर वजन टाकत मोठी मोठी वळणं घ्यावीत, एवढीच इच्छा. पहिल्याला क्रूझिंग म्हणतात, दुसऱ्याला कार्व्हिंग. ऑलिंपिकमध्ये जे स्केटबोर्डिंग टोकियोपासून सुरू झालं, ते स्ट्रीट आणि पार्क या दोन प्रकारांचं. त्या छोट्या, कडक चाकांच्या बोर्डचं आणि याचं काम वेगळं. मला रस्त्यात थांबवून "ऑलिंपिकची तयारी काय?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे समजावून सांगते.

पहिल्यांदा उभी राहिले ती मडगावच्या मामेभावाच्या पिनटेलवर. पिनटेल म्हणजे मागे निमुळता होत गेलेला, ट्रकच्या, म्हणजे चाकं ज्याला बसवतात त्या लोखंडी जोडाच्या, वर फळी बसवलेला बोर्ड. वळायला फार गोड! नुसतं खांद्याने तिकडे पाहिलं तरी बोर्ड वळायला लागतो. पण फळी उंच असल्यामुळे ढकलायला पाय जमिनीपर्यंत नेताना प्रत्येक वेळी पुढचा गुडघा खोल वाकवावा लागतो. दोन किलोमीटरात मांड्या भरून आल्या. ड्रॉप-थ्रू बोर्डात फळीला खाच कापून ट्रक तिच्यातून वर काढलेला असतो, त्यामुळे फळी साधारण दोन सेंटिमीटर खाली येते. दोन सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण पाच किलोमीटरमध्ये पाय किती वेळा खाली जातो ते मोजा म्हणजे कळेल. पायाने ब्रेक लावणंही त्याच्यामुळे सोपं होतं. वळण मात्र थोडं मंदावतं, कारण पाय जितका ट्रकच्या वर तितकी तरफ मोठी. दोन्ही सुखं एका बोर्डात पुरती मिळत नाहीत.

मी ड्रॉप-थ्रू घेतला. 39 इंच लांब, साडेनऊ इंच रुंद, बांबूचे थर आणि वर-खाली फायबरग्लास. ट्रक 180 मिमीचे, रिव्हर्स किंगपिन (किंगपिन म्हणजे ट्रकच्या मधला मोठा बोल्ट), 50 अंशांचे. चाकं 70 मिमी व्यासाची, 78ए कडकपणाची. हेल्मेट, गुडघ्याचे-कोपराचे पॅड धरून 17 हजारांच्या आत बसलं. सगळं बेंगळुरूहून कुरिअरने मागवलं, कारण हात लावून बघता येईल असं दुकान मला इथे सापडलं नाही.

आता रबराकडे येते. ट्रक म्हणजे एक बिजागरी. तुम्ही कलता तेव्हा तिच्यातली दोन रबरं, म्हणजे बुशिंगं, दाबली जातात, आणि सरळ होता तेव्हा तीच तुम्हाला परत उभं करतात. बोर्डाची स्प्रिंगच ती. पहिले सहा आठवडे माझा बोर्ड वळतच नव्हता. काँग्रेस रोडवर सरळ जाताना छान, पण कलले की लाकडी पाटावर उभं राहिल्यासारखं. मला वाटलं, मलाच जमत नाही. घरी आत्या म्हणाली, "अगं, नवीन हाय की, बसंल हळूहळू." मीही किंगपिनचा नट अर्धा-अर्धा आटा सैल करत गेले. थोडं वळायला लागलं. आणखी सैल केला. शेवटी वॉशर बोटाने फिरायला लागला, इतका.

आणि जानेवारीत पडले. कॅम्पातल्या एका उतारावर, सकाळी साडेसहाला. वेग फार नव्हता, पण मागचा ट्रक डावी-उजवीकडे थरथरायला लागला आणि मी घाबरून मागच्या पायावर वजन टाकलं. तेच चुकलं. थरथर सुरू झाली की वजन पुढच्या पायावर न्यायचं, गुडघे वाकवायचे आणि अंग सैल ठेवायचं. मागे झुकलं की मागचा ट्रकच बोर्ड हाकायला लागतो. कोपराच्या पॅडची वाटी घासली गेली, तळहाताची कातडी निघाली, हेल्मेट रस्त्याला लागलं. हेल्मेटवरचा तो ओरखडा मी अजून बघते आणि ज्याला त्याला दाखवते. तिथे पळायला आलेल्या एका जवानाने बोर्ड आणून दिला आणि एवढंच म्हणाला, "पट्टा घट्ट होता म्हणून बरं."

दुसऱ्या दिवशी बुशिंगं काढून खिशात घातली आणि कामावर नेली. आमच्याकडे ऑइल सील आणि ओ-रिंग यांचा कडकपणा शोर-ए मीटरवर तपासतात. बोर्डाच्या चाकांवर, बुशिंगांवर जो 78ए, 90ए आकडा असतो तो हाच. रोज हातात असलेलं माप माझ्या पायाखाली आहे, हे इतके दिवस डोक्यात आलं नव्हतं याचं आजही वाईट वाटतं. बुशिंगांवर 90ए छापलेलं, मीटर 92-93 दाखवत होता. दोन-तीन अंकांचा फरक रबरात चालतो, तो दोष नाही. पण 90ए हे साधारण 75-80 किलोच्या माणसाला बरं. 54 किलोच्या माणसाने त्यावर कितीही जोर लावला तरी ते दबायचं नाही. नट सैल केल्याने रबर मऊ होत नाही, फक्त बिजागरीत खुळखुळा तयार होतो. मी तोच खुळखुळा घेऊन उतारावर गेले होते.

नवीन बुशिंगं मागवली: फळीकडच्या बाजूला 83ए बॅरल, रस्त्याकडच्या बाजूला 80ए कोन. बॅरल म्हणजे सरळ नळकांडं, ते आधार देतं. कोन निमुळतं, ते मोकळं वळू देतं. चार बुशिंगांचा खर्च 1,600 रुपये. नट वॉशर बोटाने फिरणार नाही इतपतच आवळला, वर अर्धा आटा.

त्या सकाळी मी मिलिटरी महादेवाच्या देवळाच्या बाजूच्या रस्त्यावर होते. जुनी मोठी झाडं, गाडी नाही, रस्त्यावर नुसती सावली. डावीकडे कलले आणि बोर्ड माझ्याबरोबर आला. उजवीकडे कलले, परत आला. घरच्या झोपाळ्यावर पाय न टेकवता अंगानेच झोका वाढवतो ना, तसं काहीतरी अंगात उतरलं. बोर्ड तोच, रस्ता तोच, बाई तीच. मी तीन वेळा मागे जाऊन तोच रस्ता पुन्हा केला आणि कामावर उशिरा पोचले.

म्हणून कुणी विचारलं की कुठला बोर्ड घेऊ, तर मी आधी वजन विचारते. 50-60 किलोला 80 ते 85ए, 65-75 ला 85 ते 88ए, त्याच्या वर 90ए. कार्व्हिंगसाठी हा माझा अंदाज. वेगाने उतार उतरणाऱ्यांचं गणित वेगळं, ते घट्ट ठेवतात आणि ट्रकही 42-44 अंशांचे, कमी वळणारे, वापरतात. फळीच्या लवचिकतेलाही हाच न्याय. माझी मध्यम लवचिक आहे, मी उभी राहिले की जेमतेम बोटभर खाली जाते. आमच्या कारखान्यातला 85 किलोचा सहकारी उभा राहिला तेव्हा ती पोटात बसल्यासारखी वाकली. त्याने ही घेऊ नये.

चाकांबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. शहरात अर्धे रस्ते आता काँक्रीटचे, दर काही मीटरवर सांधा. डांबरी रस्ता असेल तिथे कडेला सुटी खडी. जानेवारीत मावशीकडे निपाणीला गेले तेव्हा गावाबाहेरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेली कांडी आणि पाचट. 70 मिमीचं मऊ चाक खडी गिळून पुढे जातं, सांध्यावर नुसतं टक् वाजतं. मामेभावाचा छोटा स्ट्रीट बोर्ड, 52 मिमी आणि 99ए चाकांचा, त्याच काँक्रीटवर वाटाण्याएवढ्या खड्याला अडला आणि मामेभाऊ पुढे पळत गेला. उसाच्या कांडीवरून मात्र कुठलंच चाक नेऊ नका, ती चाकाखाली गोल फिरते. तिथे उतरायचं आणि बोर्ड उचलायचा. व्हर्नियरने मोजलं तर चाकं 70 वरून 68.8 वर आली आहेत, बाहेरची कड जास्त झिजली आहे. दर दोन महिन्यांनी तिरप्या कोपऱ्यांत अदलाबदल करते.

एक तक्रार आहे. चाकात दोन बेअरिंगांच्या मध्ये जो स्पेसर हवा, तो आलाच नव्हता. विकणाऱ्याला तीन वेळा लिहिलं, उत्तर आलं नाही. स्पेसर नसला की नट आवळताना बेअरिंगवर बाजूने दाब येतो आणि चाक जड फिरतं. आत 8 मिमी भोक आणि 10 मिमी लांबी, एवढाच तुकडा. आमच्या लेथवाल्या दादांनी जेवणाच्या सुट्टीत चार करून दिले, कडा इतक्या स्वच्छ की नुसते हातात धरून बघावेसे वाटतात. हे सुख बेळगावचं. इथे फाउंड्री आणि मशीन शॉप इतकी आहेत की लोखंडाची अडचण कुणाला फार दिवस पुरत नाही.

बेअरिंग 608 नंबरचं असतं, 8 बाय 22 बाय 7. एबीइसी 7, एबीइसी 9 अशा आकड्यांमागे पैसे घालू नका. तो आकडा घडणीच्या अचूकतेचा आहे, वेगाचा नाही, आणि बोर्डात जो बाजूचा मार बसतो त्याचा त्यात विचारच नसतो. मे महिन्यात वळवाने गाठलं, हिंदवाडीतून घरी येईपर्यंत चिंब. मी बोर्ड नुसता पुसून ठेवला. चौथ्या दिवशी दोन बेअरिंगं कुरकुरत होती, उघडली तर आत तांबडा गंज. शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली साधी 608-2आरएस घेतली, चांगली निघाली. त्यांच्यात जाड ग्रीस असतं, सुरुवातीला चाक लवकर थांबतं. सील सुईने काढून, धुऊन, पातळ तेलाचे दोन थेंब सोडले की मोकळी होतात.

पाना नीट घ्या. किंगपिनच्या नटाला 9/16 इंच, म्हणजे साडेचार सूत. 14 चा बसत नाही आणि 15 चा नटाच्या कडा गोल करतो. चाकाच्या नटाला चार सूत, तिथे 13 चा चालतो.

रस्त्यावरच्या गोष्टी थोडक्यात. सहा ते सात हीच वेळ, त्यानंतर रिक्षा आणि शाळेच्या गाड्या सुरू होतात. कुत्री चाकांच्या आवाजाला धावतात. पळू नका, उतरून बोर्ड पुढे धरून उभे राहा, ती गप्प होतात. काँग्रेस रोडवर रोज फिरायला येणारे एक आजोबा मला पाहिलं की हात वर करून "निधान, निधान" म्हणतात. कानडीत हळू. आता मी त्यांच्याजवळ आले की आपोआप पाय टेकवून ब्रेक लावते. ब्रेकमुळे डाव्या बुटाचा तळ चार महिन्यांत गेला, ते गृहीत धरा आणि सपाट तळाचे स्वस्त बूट वापरा. मुलींसाठी एक: वेणी हेल्मेटच्या मागे खाली, घट्ट. अंबाडा घातला की हेल्मेट कपाळावर सरकतं.

हाच बोर्ड पुन्हा घेईन का? काँग्रेस रोडसारख्या लांब सरळ रस्त्यासाठी हो, विचार न करता. पण माझ्या ट्रकांमधलं अंतर 29 इंच आहे, आणि कॅम्पातल्या अरुंद रस्त्यांवर त्याचं वळण मोठं पडतं. पूर्ण वळायला रस्त्याची दोन्ही टोकं लागतात. मला आता कार्व्हिंगच जास्त आवडतं, हे आठ महिन्यांपूर्वी कळलं नसतं. तेव्हा पुढच्या वेळी 25-26 इंच अंतराचा, वर बसवलेला बोर्ड बघेन, मांड्या आता तयार आहेत. त्यात चाक फळीला घासू नये म्हणून ट्रक आणि फळीच्या मध्ये रायझर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, घालावा लागेल, तेवढं लक्षात ठेवलं आहे. राजहंसगडाच्या उतारावर जाऊ का, असं यळ्ळूरच्या एका मुलाने विचारलं होतं. त्याला मी नाही म्हटलं, आणि हा बोर्ड मागितला तेव्हाही दिला नाही. त्याला रविवारी कॅम्पात बोलावलं, आधी थांबायला शिकवलं.

सध्या चाकं काढून, बेअरिंगं तेल लावून डब्यात ठेवली आहेत. दोन्ही किंगपिन सैल केले आहेत, पावसाळाभर रबर दाबलेलं राहू नये म्हणून.