सरूबाई आणि सरस्वती : पंचवटीतील एका सेवा केंद्राचा अनुभव

आत्याच्या श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी पंचवटीतील एका आपले सरकार सेवा केंद्रात तीन फेऱ्या झाल्या. काउंटरवरचा मुलगा कागद वाचणारा नसता, तर त्या सहा झाल्या असत्या.

पासष्टी गाठलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असलेल्या निराधार व्यक्तीला या योजनेतून दरमहा 1,500 रुपये मिळतात. पण त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रातील किमान 15 वर्षांचा रहिवास, वयाचा पुरावा आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढी जुळवाजुळव करावी लागते. आमचे घोडे अडले ते नावात. आधारवर ‘सरस्वती’, तर रेशनकार्डावर गावात हाक मारतात तसे ‘सरूबाई’. त्या मुलाने स्कॅनरला हात लावण्याआधी आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि पासबुक टेबलावर ओळीने मांडले, प्रत्येक नावाखाली पट्टी धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले आणि म्हणाला, “आजी, असेच पाठवले तर त्रुटी निघून परत येईल. आधी रेशनकार्डावरचे नाव नीट करून आणा.” रिक्षाचे भाडे वाया गेल्याने तेव्हा मी चिडलो होतो.

आत्या शाळेची पायरी चढलेली नाही, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. वयासाठी केवळ आधारवर विसंबू नका, मतदार यादीचा उतारा चालतो आणि तोही नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला मिळतो, हेही त्यानेच सांगितले. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक पुतण्याचा, आणि पुतण्या कामावर. ओटीपीसाठी त्याला फोन लावण्यात अर्धा तास गेला, तो दोष मात्र आमचाच.

केंद्राच्या बाबतीत दोन गोष्टी खटकल्या. शुल्काचा फलक कॅलेंडरमागे झाकला गेला आहे आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. त्याहून गंभीर म्हणजे बाद झालेल्या आधारच्या झेरॉक्स तिथेच टेबलाखालच्या खोक्यात पडलेल्या असतात. एकीच्या पाठीवर कोणीतरी चहाचा हिशेबही मांडला होता. आत्याची खराब निघालेली प्रत मी मागून घेतली आणि घरी आणून फाडली.